नकाशावर गावाचे नाव कोण लिहिते?

जुलै २०२२. उस्मानाबादचे धाराशिव करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा घेतला होता. २९ जूनला मावळत्या सरकारने, १६ जुलैला नव्या सरकारने. कागदोपत्री मात्र गाव अजून उस्मानाबादच होते. केंद्राची संमती यायची होती, राजपत्र निघायचे होते. तेवढ्यात लोकांनी मोबाइल उघडला, तर गुगल मॅप्सवर ‘धाराशिव’ झळकलेले. औरंगाबादच्या जागी ‘संभाजीनगर’. कुणी आनंदाने स्क्रीनशॉट पाठवले, कुणी संतापले. औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांनी कंपनीला जाहीरपणे जाब विचारला.

केंद्रीय गृह मंत्रालयाची संमती आली २४ फेब्रुवारी २०२३ रोजी. म्हणजे पडद्यावर नाव आले ते कायद्याच्या सात महिने आधी.

गावाचे नाव काय असावे, या वादावर न्यायालयात युक्तिवाद झाले आणि निकालही लागला. या लेखाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो नवे नाव आवडणाऱ्याला आणि न आवडणाऱ्याला सारखाच लागू आहे. आपल्या गावाचे नाव कोट्यवधी लोकांच्या हातातल्या पडद्यावर नेमके कोण लिहिते? कुठे बसून? कुणाला विचारून? याचे उत्तर शोधू लागलो की आधी थक्क व्हायला होते आणि मग काळजी वाटू लागते. दोन्ही अनुभव घेण्यासारखे आहेत.

आकाशातून नाव दिसत नाही

धाराशिवच्या बसस्थानकावर उभे राहून मोबाइलमधला निळा ठिपका पाहा. तो ठिपका तिथे येण्यासाठी सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संदेश तुमच्या फोनने ऐकलेले असतात. संदेशात असते ती मुख्यतः वेळ आणि उपग्रहाचा ठावठिकाणा. संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. उपग्रहांवरची आण्विक घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, कारण उंचीवर आणि वेगात काळाची चालच बदलते. आइन्स्टाइनने सांगितलेला हा फरक हिशेबात धरला नाही, तर एका दिवसात तुमचा ठिपका दहाएक किलोमीटरने भरकटेल. विसाव्या शतकातले सर्वांत गहन भौतिकशास्त्र आज उस्मानाबादी शेळ्या बाजारात नेणाऱ्या टेम्पोला रस्ता दाखवते आहे.

या साऱ्या कसरतीतून हाती काय येते? दोन आकडे. धाराशिवसाठी ते आहेत सुमारे १८.१८ अंश उत्तर आणि ७६.०४ अंश पूर्व. छायाचित्रे टिपणाऱ्या उपग्रहाला तेरणेचे वळण दिसते, बालाघाटाच्या डोंगररांगा दिसतात, नळदुर्गच्या किल्ल्याची तटबंदी दिसते. पण आकाशातला कोणताही उपग्रह गावाचे नाव सांगू शकत नाही. ते जमिनीवर नसते, दगडात नसते. ते माणसांच्या तोंडी असते आणि माणसालाच विचारावे लागते.

ही अडचण जुनीच. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताची महामोजणी सुरू केली. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवत त्याची माणसे उत्तरेकडे सरकत राहिली. लॅम्बटन १८२३ मध्ये मोजणीच्या वाटेवरच वारला, तो आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला. त्याच्या यंत्राने कोन विकलेच्या अंशापर्यंत मोजले, पण समोरच्या टेकडीला काय म्हणतात हे सांगायला पायथ्याच्या गावातला माणूसच लागे. दोनशे वर्षांनंतरही ते बदललेले नाही. बदलले आहे ते एवढेच की, विचारणारा आता समोर नसतो.

चित्र आणि अक्षरे

कागदी नकाशात नाव शाईने छापलेले असते. छापले की संपले. पडद्यावरचा नकाशा मात्र तुम्ही पाहता त्याच क्षणी तयार होतो.

सुरुवातीचे डिजिटल नकाशे चौकोनी तुकड्यांचे बनलेले असत. सगळे जग एका तुकड्यात. एकदा जवळ गेलो की त्याचे चार तुकडे, आणखी जवळ गेलो की सोळा. अशा अठरा पायऱ्या उतरल्या की तुकड्यांची संख्या होते सुमारे ६,८७२ कोटी, आणि धाराशिवच्या अक्षांशावर एकेक तुकडा जेमतेम दीडशे मीटर रुंदीचा! आपण बोटाने नकाशा सरकवतो तेव्हा या अफाट ढिगातले नेमके आठ-दहा तुकडे क्षणात शोधून समोर मांडले जातात.

पुढे याहून मोठा बदल झाला. तयार चित्र पाठवण्याऐवजी रस्त्यांच्या रेषा, नद्यांची वळणे आणि नावांची अक्षरे वेगवेगळी पाठवायची आणि चित्र फोननेच काढायचे, अशी पद्धत आली. नकाशा त्यामुळे हलका झाला, फिरवला तरी अक्षरे सरळ राहू लागली. पण याचबरोबर नाव जमिनीपासून सुटे झाले. माहितीच्या साठ्यात प्रत्येक ठिकाणाला एक ओळखक्रमांक असतो, त्याच्या पुढे अक्षांश-रेखांश, आणि त्याच्या पुढे नावांचे रकाने: मराठीतले नाव, इंग्रजीतले नाव, जुने नाव, पर्यायी नाव. यातले कोणते नाव दाखवायचे, कोणत्या भाषेत, किती जवळ आल्यावर, हे नियमांनी ठरते. शहर दुरून दिसते, वाडी अगदी जवळ गेल्यावर दिसते, आणि एखादी वस्ती कितीही जवळ गेले तरी दिसतच नाही.

एका रकान्यातली अक्षरे बदलली की जगभरच्या पडद्यांवर गावाची ओळख बदलते. पाटी रंगवायला कुणी शिडी लावत नाही. सगळे गाव झोपलेले असताना ते होऊ शकते.

टॉलेमीच्या यादीतले गाव

ठिकाणाचे नाव आणि पुढे दोन आकडे ही मांडणी संगणकाने आणली असे वाटेल. पण ती किती जुनी आहे हे पाहायचे तर धाराशिव सोडून फार लांब जावे लागत नाही. तेरला जावे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात टॉलेमीने ज्ञात जगाचा भूगोल लिहिला. त्यात सुमारे ८,००० ठिकाणांची यादी आहे आणि बहुतेक ठिकाणांपुढे अक्षांश-रेखांश आहेत. त्या यादीत ‘तगर’ आहे. त्याच्याही आधीच्या, पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई. पुढे व्यापार आटला, बंदरे बदलली आणि तगर नेमके कुठे, हेच जग विसरले. अभ्यासकांनी देवगिरीपासून जुन्नरपर्यंत अनेक जागा सुचवल्या. शेवटी १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी दाखवून दिले की तगर म्हणजे तेरणाकाठचे तेर, संत गोरोबाकाकांचे तेर. आज तिथल्या लामतुरे संग्रहालयात रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा पाहायला मिळतात.

टॉलेमीचे आकडे आजच्या मानाने चुकीचे आहेत. केवळ आकड्यांवरून तेर सापडले नसते. सापडले ते नावामुळे, कारण गावातल्या लोकांनी झिजलेल्या रूपात का होईना, ते नाव अठराशे वर्षे तोंडात ठेवले होते.

याच जिल्ह्यात याच्या उलट घडलेले उदाहरणही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबरच तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला उमरगा-लोहारा भाग, विशेषतः सास्तूरचा परिसर उद्ध्वस्त झाला. दोन्ही जिल्ह्यांतली मिळून ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. मुक्काम हलला, नाव तेच राहिले. अक्षांश-रेखांशाला विचारले तर ते वेगळे ठिकाण आहे. माणसांना विचारले तर ते तेच गाव आहे, आणि मागे राहिलेले दगडमातीचे ढिगारे म्हणजे ‘जुने गाव’.

तेरमध्ये जागा टिकली आणि नाव झिजले. भूकंपग्रस्त गावांत नाव टिकले आणि जागा बदलली. गाव म्हणजे आकडेही नव्हेत आणि नुसती अक्षरेही नव्हेत. त्या दोहोंना जोडणारी एक सामूहिक सहमती असते आणि गाव तिच्यात नांदते. डिजिटल नकाशाला ती सहमती दिसत नाही, तरीही तिच्या वतीने तो रोज बोलत असतो.

एका गावाची अनेक खाती

सरकारी पद्धतीने नाव बदलणे किती वेळखाऊ आहे, हे पाहण्यासारखे आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १९५३ पासूनच्या मार्गदर्शक सूचना आहेत. लोकांच्या अंगवळणी पडलेली नावे शक्यतो बदलू नयेत, असा त्यांचा सूर आहे. रेल्वे, टपाल खाते आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांचे मत घेतले जाते. त्याच नावाचे दुसरे गाव असून घोटाळा होणार नाही ना, हे पाहिले जाते. धाराशिवच्या बाबतीत शहराचे नाव फेब्रुवारी २०२३ मध्ये बदलले. जिल्हा आणि तालुक्यासाठी हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या आणि त्यांची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी विरोधातल्या याचिका फेटाळल्या.

गंमत अशी की, त्याच्या आदल्याच दिवशी, ७ मे २०२४ ला, धाराशिवच्या लोकांनी लोकसभेसाठी मतदान केले होते ते ‘उस्मानाबाद’ मतदारसंघात. मतदारसंघाचे नाव परिसीमनाच्या आदेशाने ठरते, जिल्ह्याच्या अधिसूचनेने नव्हे. रेल्वे स्थानकाचे नाव तर २०२५ मध्ये बदलले. स्थानकाचे संक्षिप्त चिन्ह ‘यूएमडी’ होते, ते ‘डीआरएसव्ही’ झाले. हा बदल संगणकात उतरवण्यासाठी मध्य रेल्वेने ३१ मे आणि १ जूनच्या मधल्या रात्री मुंबईची आरक्षण यंत्रणा काही काळ बंद ठेवण्याचे जाहीर केले होते. एका गावाचे नाव बदलताना एवढ्या मोठ्या यंत्राला क्षणभर थांबावे लागते!

आणि या सगळ्या धामधुमीत काही गोष्टी जराही हलल्या नाहीत. गाड्यांच्या पाटीवरचा एमएच २५ तसाच आहे. पिनकोड ४१३५०१ तसाच आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचा क्रमांक ५२५ होता, तो त्या नोंदीत कायम राहील. यंत्रांना आकडा पुरतो. नावाची गरज माणसाला असते, म्हणून भांडणेही नावावरून होतात.

सरकारी वाट लांब आहे, पण तिला तारखा आहेत, सह्या आहेत, हरकत घ्यायला खिडकी आहे, निर्णय पटला नाही तर न्यायालयाचे दार आहे. खासगी नकाशावर अक्षरे बदलली तेव्हा यातले काय होते? नागरिकाला दिसेल अशी तारीख नव्हती, सही नव्हती, कारणही नव्हते. नवे नाव ज्यांना हवे होते त्यांनीही यावर विचार करावा, कारण उद्या त्याच रकान्यात त्यांना नको असलेले नाव तितक्याच सहज लिहिले जाऊ शकते.

ज्याचा त्याचा नकाशा

नकाशातली चूक कुठवर जाऊ शकते हे जगाने २०१० मध्ये पाहिले. कोस्टा रिकाच्या हद्दीतल्या एका बेटावर निकाराग्वाचे सैनिक उतरले, आणि त्यांच्या प्रमुखाने समर्थनासाठी गुगलच्या नकाशावरची सीमारेषा पुढे केली. रेषा चुकलेली होती, आणि कंपनीने नंतर ते मान्य केले.

त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे, सर्वांना एकच नकाशा दिसतो हा समजच आता खरा उरलेला नाही. काश्मीरची सीमा भारतातून पाहिली तर एक दिसते, इतर देशांतून पाहिली तर वेगळी. २०२५ मध्ये मेक्सिकोच्या आखाताचे नाव अमेरिकेतल्या पडद्यांवर ‘गल्फ ऑफ अमेरिका’ झाले, मेक्सिकोत ‘गल्फ ऑफ मेक्सिको’च राहिले आणि उरलेल्या जगाला दोन्ही नावे दिसू लागली. भिंतीवरच्या नकाशासमोर उभे राहून दोघांना भांडता तरी येत असे. आता दोघांच्या हातात दोन नकाशे आहेत आणि आपापला नकाशा बरोबर असल्याची दोघांचीही खात्री आहे.

वेगळी वाटही आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला, स्वयंसेवकांनी घडवलेला नकाशा. त्यात कोणीही नाव घालू शकतो, पण प्रत्येक बदल कोणत्या खात्यावरून, कधी झाला, आधी काय लिहिले होते, हे सारे उघड राहते. वाद तिथेही होतात. जेरुसलेमचे नाव कोणत्या लिपीत लिहावे यावरून झाले. प्रत्यक्ष जागेवर लोक काय म्हणतात आणि पाटीवर काय आहे, ते नकाशावर असावे, असे त्यांचे साधे तत्त्व. नवे नाव आले तरी जुने नाव वेगळ्या रकान्यात जपता येते, म्हणजे आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरचे ‘उस्मानाबाद’ शोधणाऱ्या नातवालाही गाव सापडते. नाव बदलणे हा लोकशाहीतला निर्णय असू शकतो. पण जुन्या नावाची नोंदच पुसून टाकणे हा इतिहासावर अन्याय आहे, मग ते नाव धाराशिव असो, उस्मानाबाद असो वा तगर.

ज्यांचे नावच नाही

इथवर बोललो ते मोठ्या नावांबद्दल. मला सर्वांत अस्वस्थ करते ते मात्र नकाशावरचे रिकामेपण.

मराठवाड्यात गावापासून दूर असलेले बंजारा तांडे आहेत, पारधी वस्त्या आहेत, शेतातल्या वाड्या आहेत. उपग्रहाच्या छायाचित्रात त्यांची छपरे स्पष्ट दिसतात. नाव मात्र अनेकदा नसते. नकाशावर नाव नसेल तर रात्री बोलावलेल्या रुग्णवाहिकेच्या चालकाला फोनवरून वाट समजावत बसावे लागते. पार्सल गावच्या चौकात थांबते. शहरात मात्र जाहिरातीचे पैसे मोजणाऱ्या दुकानाची खूण त्याच नकाशावर ठळक दिसू शकते. ज्याच्याकडे पैसा किंवा सततचे इंटरनेट आहे त्याचे जग नकाशावर भरगच्च, आणि उरलेल्यांचे जग फिकट पिवळसर मोकळे रान, असा हा नवा भेद आहे. त्यात कुणाचा दुष्ट हेतू असेलच असे नाही, आणि म्हणूनच तो लवकर लक्षात येत नाही.

काही ठिकाणी नाव आहे, पण ते नसते तर बरे अशी स्थिती आहे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पण सरकारी कागदावर नाव बदलले म्हणून दूरच्या साठ्यातला रकाना आपोआप बदलत नाही. कुणी तरी दुरुस्ती सुचवेपर्यंत वस्तीतल्या मुलाला आपला पत्ता पाठवताना ती जुनी पाटीच गळ्यात घालून पाठवावी लागते. मंत्रिमंडळाच्या निर्णयानंतर एका शहराचे नाव काही दिवसांत पडद्यावर बदलू शकते. मग या नावांना वर्षे का लागावीत?

नकाशा घडवणाऱ्या कंपन्यांकडे म्हणून तीन मागण्या ठामपणे केल्या पाहिजेत. नाव कधी आणि कशाच्या आधारे बदलले हे प्रत्येकाला पाहता यावे. सरकारी अधिसूचना निघण्याआधी वादातले नाव बदलू नये आणि निघाल्यावर जुने नाव शोधात टिकवावे. आणि तांडे-वाड्यांची नावे तिथल्या माणसांना विचारून भरावीत. ग्रामपंचायतींनीही आपल्या हद्दीतल्या वस्त्यांची नावे ग्रामसभेत वाचून, मान्य करून घ्यावीत, म्हणजे कंपनीला विचारायला एक अधिकृत जागा राहील.

पण वाट पाहत बसू नका. आज आपल्या गावाचा नकाशा उघडा. आपली वाडी आहे का, शेजारच्या तांड्याचे नाव आहे का, कुणाला कमीपणा आणणारे नाव तसेच राहिले आहे का, ते पाहा. ‘सुधारणा सुचवा’ हा पर्याय तुमच्याच बोटाखाली आहे. काही सूचना यंत्र तपासते, काही माणसे तपासतात, पण सूचना आलीच नाही तर तपासायलाही काही उरत नाही. फक्त एक पथ्य पाळा. ज्या वस्तीचे नाव लिहिणार आहात, त्या वस्तीतल्या माणसांना आधी विचारा. त्यांना जे नाव मान्य आहे, तेच लिहा.